लुईझियाना कलासंग्रहालय, हुम्लेबेक (डेन्मार्क): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांना सुट्ट्या लागायची वेळ आली की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. मावसबहीण, तिच्या नवऱ्याचे मित्र, पुण्याहून ऑफिसच्या कामाला आलेले आणि शनिवार मोकळा मिळालेले लोक, सगळ्यांना ‘ते समुद्राकाठचं म्युझियम’ बघायचं असतं. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत. प्रत्येकाला आकडा दिलाय, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. लुईझियाना हे तर अमेरिकेतलं राज्य. हे डेन्मार्कमध्ये कसं?

त्या राज्याशी याचा काही संबंध नाही. १८५५ साली आलेक्झांडर ब्रून नावाच्या राजदरबारी शिकार-अधिकाऱ्याने इथे एक बंगला बांधला. त्याने आयुष्यात तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ होतं. बंगल्याचं नाव ठेवताना त्याला डोकं खाजवावं लागलं नसणार. पुढे संग्रहालय आलं तेव्हा जुनं नाव तसंच राहिलं.

२. हे सरकारी आहे की खासगी? एका माणसाने काढलं म्हणजे नेमकं काय केलं?

क्नूद येन्सन (१९१६ ते २०००) या माणसाने काढलं. घरचा धंदा चीजच्या घाऊक व्यापाराचा, पण याला ओढ पुस्तकांची आणि चित्रांची. १९५४ मध्ये त्याने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत चित्रं लावण्यासाठी एक संस्था सुरू केली. कामगार चित्रं बघायला येत नाहीत, तर चित्रंच कामगारांकडे नेऊ, असा सरळ हिशोब. संग्रहालय हे याच विचाराचं पुढचं पाऊल. १९५६ मध्ये त्याने कौटुंबिक कंपनी क्राफ्ट या अमेरिकी कंपनीला विकली, आणि १४ ऑगस्ट १९५८ रोजी लुईझियानाचं दार उघडलं.

त्याला दबकत चालायला लावणारं, संगमरवरी पायऱ्यांचं संग्रहालय नको होतं. ज्यांना अशा ठिकाणी अवघडल्यासारखं होतं त्यांना इथे एखाद्या ऐसपैस घरी आल्यासारखं वाटावं, ही त्याची धडपड होती.

सुरुवातीला इथे फक्त आधुनिक डॅनिश कला ठेवायची होती. १९५९ साली जर्मनीत कासेलला भरलेलं, अनेक देशांतल्या आधुनिक कलेचं दुसरं ‘डोक्युमेंटा’ प्रदर्शन त्याने पाहिलं आणि बेत बदलला. तिथून पुढे जगभरची कला इथे येऊ लागली. आज ही एक स्वायत्त संस्था आहे. येन्सनच्या वारसांची मालमत्ता नाही आणि सरकारी खातंही नाही. थोडं सरकारी अनुदान मिळतं. बाकी भार तिकीट, दुकान, कॅफे, सभासद आणि देणगीदार प्रतिष्ठानं उचलतात.

३. कोपनहेगनहून जायचं कसं?

मुख्य स्टेशनवरून हेल्सिंगोरच्या दिशेची गाडी पकडायची आणि हुम्लेबेकला उतरायचं. अंतर साधारण ३५ किलोमीटर, वेळ पाऊण तासाच्या आत. स्टेशनवरून पाट्यांच्या मागे दहा-बारा मिनिटं चालायचं. रस्ता सपाट आहे, बाजूने घरं आणि कुंपणाची झाडं. उतरलेल्या गर्दीतली निम्मी माणसं तिकडेच निघालेली असतात, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही.

दोन गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात. इथल्या स्टेशनांवर फाटक किंवा यंत्राचा अडथळा नसतो, म्हणून तिकीट लागत नाही असं वाटतं. लागतं, आणि तपासनीस आला तर दंड तुमच्या संग्रहालयाच्या तिकिटाच्या कित्येक पट असतो. दुसरं म्हणजे रुळांची कामं निघाली की गाड्या मध्येच बदलाव्या लागतात. निघण्याआधी ‘रायसेप्लानन’ हे ॲप बघा. गाडीने जाणार असाल तर पार्किंग आहे, पण शनिवार-रविवारी ते भरून जातं.

४. तिकीट किती? कोपनहेगन कार्ड चालतं का?

प्रौढांचं तिकीट दीडशे क्रोनरच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार रुपयांच्या घरात. विद्यार्थ्यांना थोडं कमी, १८ वर्षांखालच्यांना फुकट. नेमका आकडा निघायच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या साइटवर बघून घ्या. डेन्मार्कमध्ये युरो नाही, क्रोन चालतो. अर्थात नोटा जवळ नसल्या तरी बिघडत नाही, सगळीकडे कार्ड चालतं.

कोपनहेगन कार्डात, म्हणजे पर्यटकांसाठीच्या पासात, हे संग्रहालय येतं, पण कार्डाचा प्रकार नीट बघून घ्या. ‘डिस्कव्हर’ कार्डात हुम्लेबेकपर्यंतचा रेल्वेप्रवास धरलेला असतो. ‘हॉप’ कार्ड शहरातल्या पर्यटक बसगाड्यांसाठी आहे, त्यावर रेल्वेत बसता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने घाईत दुसरं घेतलं आणि रेल्वेचे पैसे वेगळे भरले.

५. कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

सोमवारी बंद. मंगळवार ते शुक्रवार सकाळी ११ ते रात्री १०, शनिवार-रविवार ११ ते ६. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत वेळा बदलतात.

माझं ऐकाल तर जून-जुलैमधल्या एखाद्या बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीनला पोहोचा. त्या दिवसांत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सहल आलेली शाळा परत गेलेली असते, संध्याकाळी दालनं रिकामी होतात आणि समुद्रावरचा उजेड तासातासाला बदलत राहतो. शनिवारी भर दुपारी गेलात तर चित्रांपेक्षा पाठमोरी माणसंच जास्त दिसतील.

६. दोन तासांत होईल का?

नाही. चार तास ठेवा. ज्यांच्याकडे खरोखरच दोन तास आहेत त्यांनी शहरातलंच दुसरं काही बघावं. जाण्यायेण्यात दोन तास घालवून इथे धावाधाव करण्यात काय मजा?

७. सगळे इमारतीबद्दल एवढं का बोलतात? बाहेरून तर साधा बंगला दिसतो.

तसाच दिसावा हीच योजना होती. योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्त या दोन वास्तुरचनाकारांना येन्सनने तीन अटी घातल्या. जुना बंगला पाडायचा नाही, प्रवेश तिथूनच. बंगल्यापासून उत्तरेला साधारण दोनशे मीटरवर एक दालन हवं, ज्यातून आतलं तळं दिसेल. आणि त्याच्या पुढे आणखी शंभर मीटरवर, कड्यावर, जिथून ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि पलीकडे स्वीडन दिसतं, तिथे कॅफे आणि गच्ची.

या दोघांनी आधी महिनोन्‌महिने बागेत नुसत्या फेऱ्या मारल्या आणि मग कागद पुढ्यात घेतला. उत्तर म्हणून त्यांनी जे काढलं ती इमारत नसून एक वाट आहे. पांढरा चुना दिलेल्या विटांच्या भिंती, लाकडी तुळया, पायाखाली लाल फरशी आणि एका बाजूला अख्खी काच. वाट जुन्या झाडांना वळसे घालत जाते. एका वळणावर चित्र, पुढच्या वळणावर बाहेरचं झाड, मग पुन्हा चित्र. वोलर्तने काही काळ कॅलिफोर्नियात शिकवलं होतं. तिथल्या लाकडी घरांची आणि जपानी बांधणीची छाप इथे स्पष्ट दिसते. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात जसं आत असूनही आभाळ सोबत असतं, तसं काहीसं मला इथे वाटतं, जरी आकार अगदी वेगळा आहे.

याच दोघांनी पुढची तेहेतीस वर्षं ही वाट वाढवत नेली. १९७६ मध्ये संगीतगृह, १९८२ मध्ये दक्षिणेची बाजू, १९९१ मध्ये जमिनीखालचं दालन. त्या शेवटच्या दालनाने दोन टोकं जोडली गेली आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली. बागेची हिरवळ मोडू नये म्हणून ते खाली घातलं. आत शिरल्यावर डावीकडून, म्हणजे उत्तरेकडून सुरुवात करा. मूळ १९५८ ची वाट तीच.

८. नेमकं काय चुकवू नये?

संग्रहात चार हजारांच्या आसपास कलाकृती आहेत, भर १९४५ नंतरच्या कलेवर. पिकासो, वॉरहोल, लिख्टेनस्टाइन, कीफर, डॅनिशांपैकी आस्गर योर्न आणि पेर किर्केबी. पण एका वेळी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो (प्रश्न ११ बघा). म्हणून मी ठरावीक चार-पाच जागाच सांगते.

पहिली जाकोमेत्ती या स्विस शिल्पकाराची. उत्तरेच्या वाटेने जाताना अचानक जमीन खाली जाते आणि दुप्पट उंचीचं दालन उघडतं. समोर मोठी काच, काचेपलीकडे तळं आणि झाडं. त्या काचेपुढे जाकोमेत्तीच्या काडीसारख्या माणसांच्या मूर्ती. त्याचा १९६० चा ‘चालणारा माणूस’ इथे आहे. आधी वरच्या कठड्यावरून बघा, मग खाली उतरा. हिवाळ्यात बाहेरची झाडं निष्पर्ण होतात तेव्हा आतले पुतळे आणि बाहेरची खोडं एकाच घरातली वाटतात. अटींमधलं ‘तळं दिसणारं दालन’ ते हेच.

दुसरी जागा कॅफेची गच्ची. तिथे अलेक्झांडर काल्डर या अमेरिकी शिल्पकाराची धातूची शिल्पं आहेत, त्यातलं ‘लिटल जेनी-वेनी’ वाऱ्याबरोबर हलतं. मागे समुद्र. वारा पडला असेल तर थोडं थांबा, इथे वारा फार वेळ पडत नाही.

तिसरं हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं. दोन तुकड्यांतली पहुडलेली आकृती, हिरवळीवर, दोन तुकड्यांच्या फटीतून पाणी. लोक तिच्याभोवती गोल फिरतात, तसंच करा.

चौथं शोधावं लागतं. रिचर्ड सेरा या अमेरिकी शिल्पकाराने १९८३ ते ८६ या काळात बागेच्या घळीत पोलादाचे प्रचंड पत्रे उभे केले. गंजून तपकिरी झालेले ते पत्रे झाडीत असे मिसळलेत की कित्येक पाहुणे शेजारून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

९. कुसामाच्या आरशांच्या खोलीसाठी किती वेळ रांग?

गर्दीवर आहे. यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंची ही खोली २००८ ची. चार बाजूंना आरसे, पायाखाली पाणी, वरून लोंबणारे शेकडो छोटे दिवे आणि मध्ये तुम्ही. आत थोडीच माणसं सोडतात आणि थोडाच वेळ. तिकीट वेगळं नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी रांग जवळपास नसते. आत गेल्यावर पहिली अर्धी वेळ फोन खिशात ठेवा. एवढंच सांगते, नाहीतर लोक फोनच्या पडद्यातूनच ती खोली बघून बाहेर येतात.

१०. मला मॉडर्न आर्टमधलं ओ की ठो कळत नाही. पैसे वाया जातील का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारलेला.

येन्सनकडे यावर एक युक्ती होती. तो तिला सॉनाचा नियम म्हणायचा. उत्तरेकडच्या देशांत लोक लाकडी खोलीत घाम येईपर्यंत तापतात आणि मग थंड पाण्यात शिरतात. त्याचं म्हणणं, प्रदर्शनंही तशी मांडावीत. एका दालनात गरम काहीतरी, म्हणजे ज्याचं नाव ऐकून लोक येतील. शेजारच्या दालनात गार, म्हणजे ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. गरमसाठी आलेला माणूस गारेतूनही जाणार. म्हणजे तुम्ही काही न कळता यावं, हे इथे गृहीतच धरलेलं आहे.

माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा तासभर ‘यात काय आहे?’ एवढंच म्हणत होते. मग जाकोमेत्तीसमोर थांबले आणि म्हणाले, ‘हा माणूस दुष्काळातला आहे.’ कलेच्या इतिहासात हे वाक्य कुणी स्वीकारेल की नाही माहीत नाही, पण त्यानंतर ते आपणहून पुढे चालू लागले. प्रत्येक चित्राखालची चिठ्ठी वाचू नका. आवडलं त्यासमोर थांबा, बाकीचं सोडा. कंटाळा आला की काचेबाहेर बघा.

आणि ‘ही काय कला आहे?’ असं वाटलं तर लाज बाळगू नका. १९६१ साली ज्याँ टिंगेली या स्विस कलाकाराने याच आवारात स्वतःला उडवून टाकणारं यंत्र रचलं आणि लोकांसमोर त्याचा स्फोट केला. तेव्हाच्या प्रेक्षकांनीही हाच प्रश्न विचारला असणार.

११. नेटवर बघितलेलं चित्र तिथे दिसलंच नाही. असं का?

संग्रह फिरता असतो. वर्षातून अनेक मोठी प्रदर्शनं होतात, त्यांच्यासाठी दालनं मोकळी करतात, काही कलाकृती दुसऱ्या देशांत उसन्या जातात. दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यांत एखादी अख्खी बाजू बंद असते आणि तिकीट मात्र तेवढंच राहतं. म्हणून फक्त एका चित्रासाठी येणार असाल तर आधी संग्रहालयाला ईमेल करून विचारा. सध्या काय चालू आहे आणि कधी संपतंय हे साइटवर असतंच. प्रश्न ८ मधली बागेतली शिल्पं सहसा जागच्या जागी असतात.

१२. लहान मुलांना घेऊन जाता येईल का? कंटाळतील ना?

मोठ्यांच्या आधी तीच रमतात. १९९४ पासून मुलांसाठी तीन मजली वेगळी इमारत आहे. चालू प्रदर्शनाशी जोडलेलं काहीतरी रंगवायला, घडवायला देतात, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. साधारण चार वर्षांपासूनच्या मुलांना तिथे खरी मजा येते. बागेत पळायला भरपूर जागा आहे. फक्त एक सांगून ठेवा. काही शिल्पांना हात लावलेला चालत नाही, आणि कुठल्या ते मुलांना कळत नाही.

१३. आई-बाबांचे गुडघे दुखतात. झेपेल का?

झेपेल, पण घाईने नाही. जमीन चढती-उतरती असल्यामुळे आत मध्येमध्ये पायऱ्या आहेत. बहुतेक ठिकाणी लिफ्टचा पर्याय आहे. व्हीलचेअर मिळते, प्रवेशद्वाराशी विचारा. अवघड आहे ती बाग. समुद्राकडचा उतार तीव्र आहे, पावसानंतर निसरडाही. आई-बाबांना कॅफेच्या गच्चीवर बसवा, तिथून जे दिसतं ते खाली उतरून दिसणाऱ्यापेक्षा फार वेगळं नाही.

१४. जेवणाचं काय? डबा नेला तर चालेल?

दालनांत खाणंपिणं नाही. उन्हाळ्यात हिरवळीवर घरचं खाणारी कुटुंबं दिसतात. पोळीभाजीकडे कुणी वळून बघत नाही, मात्र खाऊन झाल्यावर कागदाचा कपटाही मागे राहू देऊ नका. कॅफेत पावाच्या एका तुकड्यावर सगळं रचलेलं डॅनिश स्म्योरब्रोद मिळतं, शाकाहारी पर्याय असतो. ‘व्हेज’ म्हणताना मासे चालत नाहीत हे स्पष्ट सांगा, इथे अनेकांच्या मते मासा म्हणजे मांस नव्हे. भाव कोपनहेगनचे, म्हणजे डोळे पांढरे करणारे. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटली विकत घेऊ नका.

१५. फोटो काढता येतात का?

स्वतःसाठी, फ्लॅश न वापरता, सहसा हो. एखाद्या प्रदर्शनात मनाई असेल तर दाराशी खूण असते. मोठ्या बॅगा आणि ओल्या छत्र्या लॉकरमध्ये.

१६. डिसेंबरात येतोय. अंधारच असेल ना?

दुपारी पावणेचारच्या आत सूर्य जातो. म्हणून हिवाळ्यात प्रश्न ५ मधला सल्ला उलटा करा. ११ ला दार उघडताच आत शिरा, तळं आणि समुद्र उजेडात बघून घ्या, आतली दालनं नंतर. कॅफेत शेकोटी पेटलेली असते. मला स्वतःला फेब्रुवारीतलं लुईझियाना जुलैपेक्षा जास्त आवडतं, पण पहिल्यांदा येणाऱ्याला हे सांगितलं की तो माझ्याकडे संशयाने बघतो.

१७. सासूबाई सोबत आहेत. नग्न चित्रं असतात का?

असतात. सासूबाईंना तुमच्यापेक्षा कमी अवघडल्यासारखं होतं, हा माझा आजवरचा अनुभव.

१८. इथे गायतोंडे, रझा दिसतील का? आपल्याकडे असं कुणी खासगी काढलंय का?

या आपल्या आधुनिक चित्रकारांसाठी इथे येऊ नका, मुंबईतच थांबा. जहांगीर निकोल्सन (१९१५ ते २००१) या मुंबईच्या पारशी कापूस व्यापाऱ्याने १९६८ पासून चित्रं जमवली. त्याचा संग्रह आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वेगळ्या दालनात आहे. दिल्लीत किरण नाडर यांचं संग्रहालय २०१० पासून आहे, तिथे आधुनिक भारतीय चित्रकारांचा मोठा साठा आहे. गोव्यात पिळर्णला सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑफ गोवा’ सुरू केलं. ते समकालीन कलेचं आहे आणि स्वतः कलाकाराने काढलेलं, त्यामुळे त्याचा बाज निराळा. चीजवाला आणि कापूसवाला यांची तुलना मात्र मला मोहात पाडते. दोघेही व्यापारी, दोघांनीही कमावलेलं चित्रांत घातलं. येन्सनला समुद्रकाठी बाग मिळाली. निकोल्सनला मुंबईत स्वतःची इमारत उभी करता आली नाही.

१९. यायला जमणार नाही. घरबसल्या काही बघता येईल?

‘लुईझियाना चॅनल’ बघा. २०१२ पासून संग्रहालय कलाकार, लेखक आणि वास्तुरचनाकारांच्या मुलाखतींचे छोटे व्हिडिओ काढतं, फुकट. भाषा बहुतेक इंग्रजी, नसेल तिथे खाली इंग्रजी ओळी. दर ऑगस्टमध्ये बागेत साहित्य महोत्सव भरतो, त्यातलीही बरीच संभाषणं तिथे सापडतात. त्या दिवसांत प्रत्यक्ष येणार असाल तर तिकीट खूप आधी काढा आणि प्रश्न ५ मधली शांतता विसरा.

२०. त्याच दिवशी हेल्सिंगोर किंवा स्वीडन होईल का? वेगळा व्हिसा लागतो?

हेल्सिंगोर त्याच मार्गावर पुढे, हुम्लेबेकहून दहा-बारा मिनिटं. तिथला क्रोनबोर्ग किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. किल्ला सकाळी, संग्रहालय दुपारनंतर, हा क्रम ठेवा, कारण किल्ला लवकर बंद होतो. हा बेत मंगळवार ते शुक्रवारच जमतो. शनिवार-रविवारी संग्रहालयही सहाला बंद होत असल्याने दोन्हींचा चुथडा होतो.

हेल्सिंगोरहून स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला बोट जाते, वीस मिनिटांची. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटात आहेत, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. पण पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. सीमेवर तपासणी होऊ शकते, आणि मोबाइलमधला फोटो तिथे पुरत नाही.